९९ सेंटिमीटर

आमच्या बांधावर उभं राहिलं की सांबऱ्याला उतरणाऱ्या विमानाची चाकं बाहेर येताना दिसतात. गाव बेळगावच्या पूर्वेला, विमानतळाच्या अंगाला. पावसाळ्यात सोयाबीन, रब्बीला मसूर नाहीतर हरभरा, विहिरीच्या पाण्यावर थोडा ऊस. लहानपणी भांगलायला बसलो असताना वरून आवाज आला की आम्ही पोरं खुरपी टाकून माना वर करायचो आणि विमान झाडांआड जाईपर्यंत आजीची बोलणी खायचो. विमानतळाला लागूनच हवाई दलाचं ठाणं आहे. एअरमन होणाऱ्या मुलांचं प्रशिक्षण तिथं चालतं. बारीक केस कापलेली, ताठ चालणारी ती मुलं सुट्टीच्या दिवशी बेळगावच्या बाजारात दिसायची.

इतकं सगळं डोळ्यांसमोर असूनही, हवाई दलात विमान चालवायचं तर कुठल्या दारातून आत जायचं हे मला विसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आणि आमच्या भागाला मिलिटरी काही नवी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच. बेळगाव, खानापूर, निपाणी, पलीकडं चंदगड-गडहिंग्लज, या पट्ट्यात पेन्शनर नाही अशी गल्ली सापडायची नाही. भरतीला १६०० मीटर किती मिनिटांत पळायचं, छाती किती फुगवायची, हे शाळेतलं पोरगंही सांगतं. माझे आबा, म्हणजे वडील, मराठामधूनच हवालदार म्हणून निवृत्त झाले. जवान कसं व्हायचं हे जिथं सगळ्यांना तोंडपाठ, तिथं अधिकारी कसं व्हायचं हे विचारणारंही कुणी नव्हतं आणि सांगणारंही. म्हणून माझी वाट जशी झाली तशी लिहितेय, चुकलेल्या वळणांसकट.

२०१६ साली मी एसएसएलसी, म्हणजे दहावी, झाले. त्याच जूनमध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या तिघी लढाऊ विमानांसाठी हवाई दलात अधिकारी झाल्या, देशातल्या पहिल्या. पेपरातला फोटो मी कापून वहीत ठेवला. त्या तिथवर कशा पोचल्या ते बातमीत नव्हतं. मी पीयूसीला सायन्स घेतलं ते मार्क बरे होते म्हणून, आणि गणित मनापासून आवडायचं म्हणून. पुढं कळलं की सगळं यावरच अडतं. फ्लाइंग शाखेला पदवी कुठलीही चालते, ६० टक्के हवेत. पण बारावीला, म्हणजे आपल्या पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतात, प्रत्येकात किमान ५० टक्के. माझ्या एका मैत्रिणीनं पीयूसीला कॉमर्स घेतलं होतं. पदवीनंतर ती माझ्या शेजारी अर्ज भरायला बसली आणि पहिल्याच पानावर थांबली. गावच्या विहिरीत सगळ्यात उंच कठड्यावरून उडी मारणारी मुलगी ती. सोळाव्या वर्षी कुणी एक वाक्य सांगितलं असतं तर ती आज कुठं असती, हे माझ्या मनातून जात नाही.

एएफकॅट, म्हणजे हवाई दलात अधिकारी व्हायची प्रवेश परीक्षा, हा शब्द मला भेटला २०२० च्या टाळेबंदीत. बीएस्सीला होते. मोबाईलवर हवाई दलाची जाहिरात वाचत बसले होते: वर्षातून दोन वेळा परीक्षा, फ्लाइंगसाठी वय २० ते २४, मुलगे-मुली दोघांना खुली. बारावीनंतर जायच्या एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, दार तेव्हा मुलींना बंद होतं; तिथं मुलींची पहिली तुकडी गेली ती २०२२ साली. म्हणजे माझ्यासाठी हीच वाट.

रात्री जेवताना आबांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते साहेबलोकांच्या पोरांचं असतंय गं. इंग्लिश लागतंय तिथं." रागानं नाही म्हणाले. त्यांच्या सगळ्या नोकरीत आमच्या बाजूची मराठी बोलणारा एकही साहेब त्यांना भेटला नव्हता.

आईनं मात्र विचारलं, "माप किती लागतंय?" आई ब्लाऊज शिवते, माप हा तिचा प्रांत. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पायलटला उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२०, मांडीची लांबी ६४ च्या आत, आणि बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६. माझी उंची १६४, त्याची काळजी नव्हती. काळजी पायाची. भिंतीला पाठ आणि कंबर घट्ट टेकवून बसायचं, पाय समोर सरळ पसरायचे आणि भिंतीपासून टाचेपर्यंत मोजायचं. आईनं सोप्यात मला भिंतीशी बसवलं, एका हातानं गुडघे दाबून धरले आणि टेपची सेंटिमीटरची बाजू वर केली. "मी धरतो, तू हलू नको." पहिल्यांदा ९९ च्या जरा पुढं आलं. दुसऱ्यांदा जरा अलीकडं. तिसऱ्यांदा तिनं टाचेला पाट उभा लावला, टेपचं पितळी टोक भिंतीच्या कोपऱ्यात आबांना अंगठ्यानं दाबून धरायला सांगितलं आणि टेप ताणली. ९९ आणि वर अर्धा.

"अर्धा सेंटिमीटर म्हणजे ब्लाऊजची एक शिलाई," आई म्हणाली. "खरं, आहे ते आहे."

हे आकडे कुणी मनाला आलं म्हणून ठरवलेले नाहीत. रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या, पेडलवर पाय पूर्ण पोचला पाहिजे. मांडी लांब असली तर संकटात आसनासकट बाहेर फेकलं जाण्याच्या वेळी गुडघा समोरच्या पॅनेलवर आदळू शकतो. डोकं वरच्या काचेला टेकता कामा नये. ज्यांना फ्लाइंगला जायचंय त्यांनी अभ्यासाच्या आधी घरात हे माप घ्यावं, असं मी प्रत्येकाला सांगते. कमी भरलं तर हवाई दलात इतर शाखा आहेत, आणि ते आधी कळलेलं बरं.

परीक्षेबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती अवघड असली तरी तिच्यात न कळण्यासारखं काही नाही. संगणकावर दोन तास, १०० प्रश्न, ३०० मार्क. बरोबर उत्तराला ३, चुकलं तर १ वजा. इंग्रजी, सामान्य ज्ञान, अंकगणित आणि आकृत्यांचे प्रश्न. मराठी माध्यमातून आलेल्या मला इंग्रजीनंच धरलं. रोज एक उतारा मोठ्यानं वाचायचा आणि नवे दहा शब्द वाक्यात वापरायचे, एवढं वर्षभर खंड न पाडता केलं. २०२१ च्या ऑगस्टमधली परीक्षा पास झाले आणि मैसूरच्या निवड मंडळाचं बोलावणं आलं. अशी मंडळं डेहराडून, वाराणसी, गांधीनगरलाही आहेत, पण आपल्याला मैसूर सोयीचं. रात्री बेळगावला गाडीत बसलं की सकाळी तिथं.

इथं माझी मोठी चूक झाली. मैसूरच्या आधी एका मोठ्या शहरात जाऊन मी तीन आठवड्यांचा क्लास केला. फीसाठी आईनं भिशी उचलली. क्लासमध्ये आम्हाला गोष्टी पाठ करून घेतल्या: चित्र कुठलंही असो, नायक गावात येतो, लोकांना एकत्र करतो, प्रश्न सोडवतो. छंद विचारला तर ट्रेकिंग सांगायचा. पेपर विचारला तर इंग्रजी सांगायचा. मी सगळं लिहून घेतलं, आरशासमोर घोकलं.

मैसूरला पहिल्या दिवशी चाळणी असते. आधी तर्काचे प्रश्न, मग पडद्यावर एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात. त्यावर ४ मिनिटांत गोष्ट लिहायची, ती गटात सांगायची आणि सगळ्यांनी बोलून एक गोष्ट ठरवायची. छातीवर नंबर बांधलेला. नावानं कुणी हाक मारत नाही. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त मुलं परतीच्या बसमध्ये बसली. मी राहिले आणि मला वाटलं, क्लासचे पैसे वसूल झाले.

मुलाखतीला समोर एक शांत, वयानं आबांएवढे अधिकारी होते. छंद? ट्रेकिंग. शेवटचा ट्रेक कुठला? मी राजहंसगड म्हणाले. बेळगावपासून जवळचा किल्ला आमचा, शाळेच्या सहलीला एकदा गेले होते. त्यांनी विचारलं, किल्ल्याच्या दरवाजातून आत गेल्यावर आधी काय लागतं? मला आठवेना. पेपर कुठला? इंग्रजी पेपरचं नाव सांगितलं. गेल्या आठवड्यातली कुठली बातमी लक्षात राहिली? मी एक सांगितली, त्यांनी त्यावर साधासा पुढचा प्रश्न विचारला आणि मी गप्प. ते एकदाही आवाज चढवून बोलले नाहीत. उलट पाण्याचा ग्लास पुढं केला. त्या ग्लासाची आठवण मला अजून टोचते.

पाचव्या दिवशी मंडळाची बैठक होते, एकेकाला आत बोलावून दोन-तीन प्रश्न विचारतात आणि दुपारी यादी वाचतात. माझा नंबर यादीत नव्हता. परतीच्या गाडीत हुबळी येईपर्यंत मी खिडकीशी बसून त्या मुलाखतीतलं एकेक उत्तर पुन्हा आठवलं. त्यातलं एकही माझं नव्हतं. मंडळानं नाकारलं ती क्लासनं उभी केलेली मुलगी होती, आणि मला त्यांनी पाहिलंच नव्हतं.

फेब्रुवारी २०२२ ची परीक्षा कटऑफला राहिली. वय २२ चालू होतं. हातात फार वेळ नव्हता. क्लासची वही माळ्यावर टाकली आणि दोनच गोष्टी धरल्या.

पहिली, घरात आजोबांच्या वेळेपासून येणारा 'तरुण भारत' आबांबरोबर वाचायचा आणि त्यातली एक बातमी त्यांना इंग्रजीत सांगायची. आबांना इंग्रजी बोलता फार येत नाही, पण नोकरीत ऐकून ऐकून कळतं बरंच. "थांब, हे डोक्यात शिरलं नाही," म्हणाले की तेच मी आणखी सोप्या शब्दांत सांगायचे. ज्या माणसाला कळावं असं मनापासून वाटतं त्याच्याशी बोलताना भाषा आपोआप सुधारते, हे मला कुठल्या क्लासनं शिकवलं नाही.

दुसरी, काकांचा ट्रॅक्टर. नांगरटीच्या हंगामात ड्रायव्हर मिळेना म्हणून काकांनी मला बसवलं. ट्रॅक्टरला उजव्या बाजूला दोन ब्रेक असतात, मागच्या डाव्या चाकाचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा. बांधाशी पोचल्यावर डावा दाबला की डावं चाक थांबतं आणि ट्रॅक्टर तिथल्या तिथं वळतो. आणि तास, म्हणजे नांगराची रेघ, सरळ काढायचा तर मागं नांगराकडं बघत बसायचं नाही, समोरच्या बांधावरचं एक झाड धरायचं. पहिल्या दिवशीचे माझे तास नागमोडी गेले. काका म्हणाले, "जवळ बघायलीस म्हणून वाकडं जायलंय. लांब बघ." हे वाक्य मला पुढं दोनदा उपयोगी पडलं.

ऑगस्टची परीक्षा निघाली आणि ऑक्टोबर २०२२ ला मी पुन्हा मैसूरला. या वेळी मानसशास्त्राच्या चाचण्यांत १२ चित्रांपैकी शेवटचं, जे कोरंच असतं, ते आलं तेव्हा मी २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर लिहिला. जिल्ह्यातल्या नद्यांकाठची गावंच्या गावं पाण्याखाली होती. आमच्या कॉलेजनं निवारा केंद्रात धान्य पोचवलं होतं आणि तांदळाची पोती ओली होऊ नयेत म्हणून आम्ही बाकड्यांवर बाकडी रचली होती. नायक-बियक कुणी नव्हता त्यात. ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद; मग ६० प्रसंग ३० मिनिटांत. विचार करून खोटं लिहायला वेळच ठेवलेला नाही, हे मला दुसऱ्या खेपेला समजलं.

मैदानावर फळी, बल्ली आणि दोर घेऊन गटानं अडथळे पार करायचे, लाल रंगवलेल्या भागाला स्पर्श करायचा नाही. फळी बल्लीला बांधायची वेळ आली तेव्हा मी गाडीवरचा ऊस आवळतो ती गाठ मारली. ती घट्ट बसली आणि गटातल्या हरियाणाच्या मुलानं ती पुन्हा मारून दाखव म्हणून सांगितलं.

मुलाखतीत पेपर विचारला. मी 'तरुण भारत' म्हणाले, मराठी आहे, बेळगावातून निघतो. "त्यात काल काय होतं?" उसाच्या दराची बातमी होती. टनाचा दर, तोडणी-वाहतुकीचा खर्च, आमच्या घरातला एक एकर ऊस, सगळं सांगितलं. इंग्रजी दोन ठिकाणी अडखळलं. त्यांनी थांबवलं नाही. मग छंद न विचारता त्यांनी विचारलं, सकाळी उठल्यापासून काय करतेस? ट्रॅक्टर आला. पुढची दहा मिनिटं ते ट्रॅक्टरच विचारत होते: दोन ब्रेक कशाला, रस्त्यावर चालवताना ते खिळीनं जोडतात का, न जोडता एकच दाबला तर काय होईल. (जोडतात, आणि न जोडता जोरात एकच दाबला तर ट्रॅक्टर उलटतो, आमच्या भागात माणसं गेली आहेत.) बाहेर आले तेव्हा पास-नापास काही होवो, मला हलकं वाटत होतं.

यादीत माझा नंबर होता.

पण पायलटसाठी आणखी एक टप्पा असतो, सीपीएसएस, संगणकावरची वैमानिक निवड चाचणी. ती जन्मात एकदाच देता येते. त्यात नापास झालं की फ्लाइंगचं दार कायमचं बंद, दुसऱ्या शाखा राहतात. आधी विमानातल्या घड्याळांसारख्या यंत्रांचं वाचन: उंची किती, नाक कुठल्या दिशेला, पंख किती कलले. मग यंत्रावर बसायचं. हातात काठी, पायाखाली पेडल, पडद्यावर एक हलणारी खूण जागेवर ठेवायची, आणि तेवढ्यात दिवा लागतो, आवाज येतो, त्यालाही उत्तर द्यायचं. पहिली काही सेकंदं मी त्या खुणेच्या मागं धावत होते. मग काकांचं वाक्य आठवलं. नजर सगळ्या पडद्यावर ठेवली, हात हलका केला आणि खूण बरीचशी जागेवर राहिली. पास झाले. त्या बॅचमधला एक हुशार मुलगा, दर वेळी गटाला सांभाळून घेणारा, तिथं नापास झाला. त्याच्याशी काय बोलावं हे कुणालाच सुचत नव्हतं.

वैद्यकीय तपासणी बंगळूरला, एरोस्पेस मेडिसिनच्या संस्थेत. रक्त, लघवी, ईसीजी, मणक्याचे एक्सरे, दातांचे गुण, रंग ओळखायच्या चाचण्या, आणि ज्याची मला सगळ्यात भीती होती ते माप. भिंत, लाकडी पट्टी, गुडघ्यांवर हात. नोंद करणाऱ्यानं आकडा मोठ्यानं वाचला: ९९.५. आईची शिलाई बरोबर होती.

अडलं भलतीकडंच. नाकाचा मधला पडदा वाकडा म्हणून तात्पुरतं अनफिट. तात्पुरतं या शब्दाकडं लोक बघत नाहीत, रडत घरी येतात; मीही आधी रडले. तिथल्या एका डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं. विमान वर-खाली जाताना बाहेरचा हवेचा दाब भराभर बदलतो आणि कानातला दाब नाकामागच्या वाटेनं जुळवून घ्यावा लागतो. नाक नीट मोकळं नसलं तर कान आणि सायनस दुखतात, आणि नेमक्या उतरायच्या वेळी वैमानिकाचं लक्ष उडतं. यावर साधं ऑपरेशन असतं आणि नंतर अपिलाच्या मंडळासमोर जाता येतं. बेळगावात ऑपरेशन केलं, अपिलात फिट झाले. ज्यांना नाक चोंदायची सवय आहे त्यांनी मैसूरच्या आधीच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. महिने वाचतात.

मग वाट बघणं. त्याच दिवसांत, २८ जानेवारी २०२३ ला, ग्वाल्हेरहून उडालेली दोन लढाऊ विमानं मुरैन्याजवळ कोसळली. मिराज-२००० चे वैमानिक विंग कमांडर हनुमंतराव सारथी गेले. ते आपल्या बेळगावचे, गणेशपूरचे. अख्खं बेळगाव त्या दिवशी हळहळत होतं.

आमच्या घरात दोन दिवस शिलाई मशीन बंद होती. तिसऱ्या दिवशी आई माझ्यासमोर येऊन बसली. "तू जाणार हे मला ठाऊक आहे. खरं, विमान पडतंय कशानं ते मला कुणीतरी नीट सांगा." मी तिला खोटा धीर दिला नाही. जेवढं मला माहीत होतं तेवढं सांगितलं: यंत्र बिघडतं, पक्षी धडकतो, हवा बदलते, माणूस चुकतो, आणि प्रशिक्षणातला निम्मा वेळ हे झाल्यावर काय करायचं याच्यावरच जातो. तिनं सगळं ऐकलं. मग उठून मशीनवर बसली. तिनं परवानगी दिली असं मी म्हणणार नाही. तिला विचारायचं होतं, तिनं विचारलं.

परीक्षा आणि मंडळाचे गुण धरून गुणवत्ता यादी लागते. त्यात नाव आलं आणि जुलै २०२३ मध्ये हैदराबादजवळच्या दुंडिगलला, हवाई दलाच्या अकादमीत दाखल झाले. ७४ आठवड्यांचं प्रशिक्षण. पैशाबद्दल सांगायलाच हवं, कारण आमच्याकडं पहिला प्रश्न तोच असतो: अकादमीला एक रुपया भरावा लागत नाही, आणि प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षात महिना ५६,१०० रुपये मिळतात. त्यातल्या पहिल्या पैशातून आईच्या भिशीची भरपाई केली.

सुरुवातीचं कवायत, पळणं, पहाटेचं उठणं याला मी डगमगले नाही. भाताच्या लावणीत दिवसभर वाकलेल्यांना ते जमतं. कठीण गेलं ते उडणं. आमचं पहिलं विमान पिलाटस पीसी-७, स्वित्झर्लंडचं, एकाच इंजिनाचं. आसनं एकापुढं एक, शिकणारा पुढं आणि शिक्षक मागं. पहिल्या चार उड्डाणांत मला ओकाऱ्या झाल्या. कागदी पिशवी घेऊन उतरायचे आणि डोळे कुठं वळवावेत कळायचं नाही. सर म्हणाले, उपाशी पोटी येऊ नकोस, आणि आतल्या यंत्रांत डोकं घालू नकोस, क्षितिजाकडं बघ. पाचव्या वेळी पिशवी कोरी राहिली.

रात्री खोलीत खुर्चीवर बसून, भिंतीला कॉकपिटचं कागदी चित्र लावून, डोळे मिटून एकेक बटणावर हात न्यायचा. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्यातले काही जण या टप्प्यात फ्लाइंगमधून गळले. त्यांच्या पलंगावरची गादी गुंडाळलेली दिसली की सगळी खोली गप्प व्हायची.

एका सकाळी तीन फेऱ्या मारून उतरल्यावर सरांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि स्वतः उतरले. मागच्या आसनाचे मोकळे पट्टे त्यांनी आवळून बांधले, म्हणजे ते कशात अडकणार नाहीत. मग बाजूला झाले. धावपट्टीकडं जाताना वळण आलं. विमानातही पेडलच्या वरच्या भागात डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात; डावा दाबला, विमान डावीकडं वळलं. बांध आठवला. मागचं वजन कमी झाल्यामुळं ते माझ्या अंदाजाच्या आधीच जमिनीवरून सुटलं. वर आल्यावर कानात फक्त इंजिन आणि कंट्रोलचा आवाज. नेहमी मागून येणारा "नाक खाली, नाक खाली" हा आवाज नव्हता, म्हणून मीच तो मनात म्हणत राहिले. उतरायच्या आधी चाकं खाली घेतली, तीन हिरवे दिवे लागले, ते रेडिओवर सांगितलं. धावपट्टी जवळ आली की नवीन माणसाची नजर चाकांखालच्या जमिनीवर जाते आणि विमान आदळतं. नजर उचलून पार पलीकडच्या टोकावर ठेवायची असते. लांब बघ. मी लांब बघितलं. चाकं कधी टेकली ते मला आवाजावरून कळलं.

रविवारी फोनवर आबांनी विचारलं, "वर गेल्यावर इंग्लिशच बोलायला लागतंय?" म्हटलं, रेडिओवर इंग्रजी. पण सेकंद मी मराठीतच मोजते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढच्या टप्प्यात मला हेलिकॉप्टर मिळालं, माझ्या पहिल्या पसंतीचं. २०१९ च्या पुरात लोकांच्या तोंडी जी हेलिकॉप्टरं होती ती मी विसरले नव्हते. हकीमपेटला चेतकवर शिकले. डिसेंबर २०२४ मध्ये दुंडिगलच्या संचलनात छातीवर विंग्ज, वैमानिकाचं पंखांचं चिन्ह, लागले. आबा आधी माझ्या बुटांच्या टोकांकडं बघत होते, पॉलिश नीट आहे का म्हणून. मग म्हणाले, "बरोबर आहे."

नेमणुकीबद्दल इथं लिहिणार नाही. पण गेल्या सुट्टीतलं एक सांगते. शेजारच्या घरातली मुलगी, एसएसएलसीचा निकाल लागलेला, संध्याकाळी आमच्या सोप्यात येऊन बसली. काही विचारत नव्हती, जातही नव्हती. आईनं तिच्याकडं बघितलं, मशीनच्या खणातून टेप काढली आणि म्हणाली, "बस भिंतीला टेकून. मी धरतो." ९७ भरलं. "अजून वाढंल," आई म्हणाली, "पंधरा वर्षांचं पोर आहे."

मी तिला विचारलं, पीयूसीला काय घेतलंस. कॉमर्स, सगळ्या मैत्रिणी तिकडंच गेल्यात म्हणून. फॉर्म शनिवारी दिला होता. गणितात मार्क किती? ९१.

सोमवारी सकाळच्या बसनं ती, तिची आई आणि मी कॉलेजात गेलो. क्लार्कनी रजिस्टर उघडून बोटानं ओळी मोजल्या. फिजिक्स-गणिताच्या तुकडीत दोन जागा शिल्लक होत्या.